भारी औषध मागण्याआधी पायाकडे नीट पाहा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे, हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे आणि दोन्ही पायांवर बऱ्याच वर्षांपासून सूज असते. गेल्या वर्षभरात त्यांचा उजवा पाय तीनदा लाल होऊन सुजला. दर वेळी सेल्युलायटिस (त्वचेच्या खोल थरातला जंतुसंसर्ग) असल्याचे सांगून आधीपेक्षा भारी अँटिबायोटिक देण्यात आले आणि तिसऱ्या वेळी तर रुग्णालयात ठेवून इंजेक्शने द्यावी लागली. घोट्याच्या वर एक लहान जखम अजून भरलेली नाही. तिच्यावर आम्ही रोज अँटिबायोटिकचे मलम लावतो. त्या जखमेच्या स्रावाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) केले तेव्हा एमआरएसए (अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू) निघाला आणि बऱ्याच औषधांपुढे ‘आर’ असे लिहून आले. आता दोन्ही पाय गुडघ्याखाली तांबूस-तपकिरी दिसतात आणि खाजतात, ताप नाही. मागच्या आजाराच्या वेळची अर्धी स्ट्रिप घरात आहे, ती सुरू करावी का? रिपोर्टमध्ये ज्या औषधापुढे सर्वांत लहान आकडा आहे, ते सर्वांत प्रभावी समजून मागून घ्यावे का? यापुढे त्यांच्यावर कोणतेच औषध चालणार नाही, अशी धास्ती आम्हाला वाटते. घरात दोन वर्षांची नात आहे, तिला यापासून धोका आहे का? तरुणपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर सासूबाईंच्या अंगावर पुरळ उठले होते, म्हणून त्यांच्या फाइलवर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आजच उपयोगाचे आहे, म्हणून ते आधी देते. ती अर्धी स्ट्रिप सुरू करू नका. त्या गोळ्या मागच्या आजारासाठी, तेव्हाच्या तपासणीवरून दिलेल्या होत्या. आताचा आजार तोच आहे हे कोणी तपासलेले नाही, गोळ्यांची संख्या उपचाराला पुरेशी नाही, आणि अशी काही औषधे वॉरफेरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय दोन-तीन गोळ्या पोटात गेल्यानंतर नमुना घेतला, तर खरा जंतू कल्चरमध्ये न वाढण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते. येत्या दोन-तीन दिवसांत त्यांना डॉक्टरांना दाखवा, पण ‘इन्फेक्शन पुन्हा आले’ असे स्वतःच ठरवून जाऊ नका. दोन्ही पाय एकाच वेळी लाल झाले आहेत, खाज आहे आणि ताप नाही, हे वर्णन वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका जंतुसंसर्गाची येत नाही.

पायाच्या नीलांमध्ये रक्त वर चढत राहावे म्हणून लहान झडपा असतात. वय, स्थूलता, जुनी गुठळी किंवा वर्षानुवर्षांची सूज यांमुळे त्या सैल झाल्या की रक्त पोटरीच्या खालच्या भागात साचते, बारीक वाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी त्वचेत झिरपतात, आणि त्या पेशींतले लोह तिथेच राहून कातडीला तपकिरी रंग येतो. पुढे ती त्वचा कोरडी पडते, खाजते, खवले धरते आणि अधूनमधून लालबुंद होऊन पाझरूही लागते. याला स्टेसिस डर्मटायटिस म्हणतात. हा एक प्रकारचा इसब आहे आणि त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. सेल्युलायटिस बहुधा एकाच पायावर, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढतो. तो भाग तापलेला आणि हात लावू न देण्याइतका दुखरा असतो, आणि पुष्कळदा लाली दिसण्याआधीच हुडहुडी भरते. दोन्ही पायांना एकाच वेळी सेल्युलायटिस होणे फार दुर्मीळ आहे. तरीही दोन्ही पाय लाल असलेल्या अनेक वृद्धांना सेल्युलायटिस समजून अँटिबायोटिक दिले जाते, आठवड्याभरात पाय उंचावर ठेवल्यामुळे लाली उतरते, आणि श्रेय मात्र औषधाला मिळते. पुढच्या वेळी लाली आली की तेच औषध अपुरे ठरले असे मानून त्याच्या वरचे दिले जाते. तुमच्या सासूबाईंच्या तीन आजारांपैकी किती खरोखर जंतुसंसर्गाचे होते, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. त्या वेळच्या रक्ततपासण्या आणि काढले असतील तर पायांचे फोटो सोबत न्या.

घरी पाहताना रंगावर फार विसंबू नका. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली पुष्कळदा लाल दिसत नाही. ती जांभळट किंवा नुसती गडद दिसते. त्यापेक्षा हाताची मागची बाजू आधी एका पोटरीवर आणि मग दुसरीवर त्याच उंचीवर ठेवून पाहा. एक बाजू स्पष्टपणे गरम आणि घट्ट लागत असेल आणि दाबल्यावर त्या कळवळत असतील, तर दोन-तीन दिवस न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असतील, तर घाईने अँटिबायोटिक सुरू करण्याचे कारण उरत नाही.

रोज लावल्या जाणाऱ्या मलमाबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिले आहे. मला मात्र ते जास्त महत्त्वाचे वाटते. अँटिबायोटिकची मलमे थोड्या जागेवर, थोडे दिवस वापरण्यासाठी असतात. म्युपिरोसिन आणि फ्युसिडिक अ‍ॅसिड महिनोन्‌महिने लावत राहिले, तर त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू त्यांना दाद देईनासे होतात. निओमायसिन असलेल्या मलमांमुळे तर मलमाचीच अ‍ॅलर्जी होऊन जखमेभोवतीची त्वचा लाल होते, खाजते, पाझरते आणि जखम चिघळल्यासारखी दिसते. नीलांच्या विकारामुळे झालेल्या जखमा असलेल्यांमध्ये अशी अ‍ॅलर्जी विशेष आढळते. डॉक्टरांकडे जाताना मलमाची ट्यूब घेऊन जा आणि ते थांबवावे का हे विचारा. जखम साध्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुऊन, न चिकटणारे ड्रेसिंग लावून झाकणे बहुतेक वेळा पुरेसे असते.

आता त्या रिपोर्टकडे वळू. दोन-चार आठवडे उघडी असलेली कोणतीही जखम निर्जंतुक राहत नाही. तिच्या पृष्ठभागावर जंतू वस्ती करतात आणि कापसाचा बोळा फिरवला की ते कल्चरमध्ये उगवतात. जंतू जखमेवर असणे वेगळे आणि त्यांनी आजूबाजूच्या मांसात शिरून आजार निर्माण करणे वेगळे. जखमेभोवती लाली पसरते आहे, ती गरम आहे, दुखणे वाढले आहे, पू येतो आहे, वास बदलला आहे, यांपैकी काही असेल तरच त्या जखमेच्या कल्चरला अर्थ असतो. तेव्हाही नमुना वरच्या स्रावातून न घेता जखम धुऊन तिच्या तळातून घेतलेला असावा. त्यामुळे रिपोर्टमध्ये एमआरएसए आला म्हणून सासूबाईंना एमआरएसएचा आजार आहे असा निष्कर्ष काढू नका आणि केवळ त्या कागदावरून उपचार मागू नका. मात्र तो कागद टाकूनही देऊ नका. पुढे कधी त्यांना पू असलेले गळू झाले किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर ही माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडेल.

रिपोर्टमधल्या औषधांपुढचे आकडे पाहून तुम्ही जो तर्क केला आहे, तो अनेक सुशिक्षित कुटुंबे करतात. तो आकडा म्हणजे प्रयोगशाळेत त्या जंतूची वाढ रोखण्यासाठी त्या औषधाची कमीत कमी किती मात्रा लागली याचे माप. प्रत्येक औषधाची मात्रा वेगळी, रक्तात आणि त्वचेत पोचण्याचे प्रमाण वेगळे आणि ‘चालते’ म्हणण्याची सीमारेषाही वेगळी असते. म्हणून एका औषधाच्या ०.५ ची तुलना दुसऱ्याच्या २ शी करताच येत नाही; लहान आकडा म्हणजे जास्त ताकद असे मुळीच नाही. वाचायचे ते अक्षर. ‘एस’ म्हणजे नेहमीच्या मात्रेत औषध लागू पडण्याची शक्यता चांगली आणि ‘आर’ म्हणजे ती फार कमी. त्यानंतर ‘एस’ असलेल्या औषधांतून निवड करताना डॉक्टर मूत्रपिंडे, इतर गोळ्या, वय आणि आजाराची तीव्रता पाहतात, आणि ही निवड त्यांच्यावरच सोडावी असे मी आग्रहाने सांगेन.

‘भारी’ हा शब्द तुमच्या पत्रात आला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पू नसलेला, पसरत जाणारा सेल्युलायटिस बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस गटातल्या जंतूंमुळे होतो. घसा आणि त्वचा या दोन्हींचे आजार करणारा या गटातला जो प्रमुख जंतू आहे, त्याच्यावर पेनिसिलिन रुग्णांना मिळू लागून ८० वर्षे होऊन गेली तरी ते आजही गुणकारी आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची गोष्ट नेमकी उलटी आहे. पेनिसिलिन वापरात आल्यानंतर काही वर्षांतच रुग्णालयांमध्ये त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस पसरले, त्यांच्यासाठी आणलेल्या मेथिसिलिनला दाद न देणारा जंतू १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये नोंदला गेला, आणि एमआरएसए हे नाव त्यावरूनच आले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते की जंतू मरणार नाहीत इतक्या अपुऱ्या मात्रेत औषध वापरले, तर ते त्याला सरावतात. तेव्हा औषध जुने म्हणून हलके आणि नवे म्हणून भारी, हे मोजमाप त्वचेच्या आजारांत लागू होत नाही. खरा प्रश्न असतो जंतू कोणता हा. पाय लाल आहे पण पू नाही, अशा वेळी एमआरएसएवरचे राखीव औषध देऊन बहुधा काहीच अधिक मिळत नाही. पू भरलेले गळू असेल, तर मुख्य उपचार ते फोडून पू काढून टाकणे हा असतो. पू आत ठेवून कितीही महागडे इंजेक्शन दिले तरी औषध तिथे नीट पोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक औषधांची तीन गटांत विभागणी केली आहे: नेहमीच्या आजारांसाठी पहिल्यांदा वापरायची, जपून वापरायची आणि इतर सर्व उपाय थकल्यावर वापरायची. वृद्धांच्या बाबतीत ही विभागणी पाळणे मला विशेष मोलाचे वाटते, कारण प्रतिरोधाची किंमत तेच सर्वाधिक मोजत आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे. १९९० ते २०२१ या काळात पाच वर्षांखालील मुलांमधले असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, पण सत्तरी ओलांडलेल्यांमधले ८० टक्क्यांहून अधिक वाढले. लोकसंख्येचे वय वाढणे हे त्याचे एक कारण आहेच. त्याशिवाय वृद्ध रुग्णालयात अधिक वेळा जातात आणि अँटिबायोटिकही अधिक वेळा घेतात.

मग कोणतेच औषध चालणार नाही ही भीती खरी आहे का? त्यांच्या बाबतीत आज तरी नाही. प्रतिरोध जंतूला येतो, माणसाला येत नाही. सासूबाईंच्या अंगावर आज एमआरएसए असला तरी पुढचा आजार वेगळ्याच जंतूने होऊ शकतो आणि साध्या औषधाने बरा होऊ शकतो. शिवाय अँटिबायोटिकचा मारा थांबल्यावर काही महिन्यांत अनेकांच्या अंगावरची प्रतिरोधी जंतूंची वस्ती आपोआप कमी होते. प्रत्येक अनावश्यक कोर्स ही घट रोखतो, म्हणून मी या मुद्द्यावर इतका भर देते आहे.

माझ्या मते वर्षभरात एक गोष्ट पाहायची राहून गेली असावी, ती म्हणजे जंतू शिरतो कुठून. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पायमोजे उतरवून प्रत्येक बोटाची बेचकी उघडून पाहावी असा आग्रह धरा. आणि आज संध्याकाळी तुम्हीही पाहा. चांगल्या उजेडात, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट हळूच बाजूला करा. तिथली कातडी ओली, पांढरट, भिजल्यासारखी झालेली असेल, सोलली जात असेल किंवा तळाशी लाल चीर दिसत असेल, तर त्या चिखल्या आहेत, म्हणजे बुरशीचा संसर्ग. वयस्कर माणसांना वाकून बोटांपर्यंत पोचता येत नाही, मधुमेहामुळे संवेदना कमी झालेली असते म्हणून चीर दुखतही नाही, आणि घरच्यांनाही ती दिसत नाही. स्ट्रेप्टोकॉकसला आत शिरायला एवढी फट पुरते, आणि पाय सुजलेला असल्यामुळे लसिकेचा (ऊतींमधून परत वाहून जाणाऱ्या द्रवाचा) निचरा मंद असतो, त्यामुळे जंतू तिथे सहज मूळ धरतो. प्रत्येक सेल्युलायटिसमुळे लसिकावाहिन्यांचे आणखी नुकसान होते आणि पुढच्याची शक्यता वाढते. तीन वेळा दाराला कुलूप बदलून पाहिले, पण खिडकी उघडीच राहिली, अशी ही स्थिती आहे.

चिखल्या आढळल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टर्बिनाफिनसारखे बुरशीवरचे मलम लावा आणि त्वचा चांगली दिसू लागली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. त्यात स्टेरॉइड मिसळलेले नाही याची खात्री करून घ्या, कारण स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी खाली पसरत राहते. आंघोळीनंतर बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या करा. पोटऱ्यांवर आणि तळव्यांवर दिवसातून दोनदा सुगंधविरहित मॉइश्चरायझर केसांच्या दिशेने हलक्या हाताने लावा. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नका. टाचांच्या भेगा, खोल कापलेली नखे, खाजवल्याचे ओरखडे, हीदेखील प्रवेशद्वारेच आहेत. रक्तातली साखर आटोक्यात नसेल तर वरच्या सगळ्या प्रयत्नांचा निम्मा उपयोग वाया जातो.

सुजेचे कारण वेगळे शोधावे लागेल. हृदय, मूत्रपिंडे, यकृत आणि थायरॉइड यांच्या तपासण्या झाल्या असतील असे गृहीत धरते, पण रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे डॉक्टरांसोबत पुन्हा पाहा. अम्लोडिपिन आणि त्या वर्गातल्या गोळ्यांमुळे अनेकांच्या घोट्यांवर सूज येते, ती लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी उतरत नाही, आणि रक्तदाबाचे औषध बदलल्यावर ओसरते. गोळी मनाने बंद करू नका. फक्त हा प्रश्न विचारा. बसताना पाय उंच ठेवणे आणि जमेल तेवढे चालणे हे उपाय आहेतच, पण वारंवार होणाऱ्या सेल्युलायटिसमध्ये सर्वांत मोठा फरक दाब देणाऱ्या मोज्यांनी किंवा पट्ट्यांनी पडतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पायांवर जुनी सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेल्या ८४ रुग्णांचे दोन गट केले होते. दाबाचा उपचार घेणाऱ्या गटात १५ टक्के जणांना तो पुन्हा झाला, तर नुसती माहिती आणि सल्ला मिळालेल्या गटात ४० टक्के जणांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. हा उपचार सुरू करण्याआधी पायाच्या रोहिण्यांतला रक्तपुरवठा तपासणे मात्र आवश्यक आहे, कारण तो अपुरा असेल, आणि मधुमेहात तशी शक्यता असते, तर घट्ट मोज्याने पायाला इजा होऊ शकते.

खरोखर जंतुसंसर्ग झालाच, तर तुमच्या सासूबाईंच्या वयात औषधाइतकेच त्याच्या मात्रेकडे आणि सोबतच्या गोळ्यांकडे लक्ष द्यावे लागते. वृद्ध आणि कृश व्यक्तीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) रिपोर्टमध्ये सामान्य दिसू शकते, कारण स्नायू कमी असतात. प्रत्यक्षात मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता बरीच घटलेली असू शकते. म्हणून मात्रा वय आणि वजन धरून काढावी लागते. को-ट्रायमॉक्साझोल आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक औषधे वॉरफेरिनचा परिणाम वाढवतात, त्यामुळे ती द्यावी लागली तर रक्त गोठण्याची तपासणी लवकर करावी लागते. को-ट्रायमॉक्साझोलमुळे, रक्तदाबाच्या काही गोळ्या सोबत असतील तर, रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनच्या वर्गातल्या गोळ्यांनी साठीनंतर टाचेमागचा स्नायुबंध सुजण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते, आणि वॉरफेरिनचा परिणामही वाढू शकतो. म्हणून सगळ्या औषधांची यादी एका कागदावर लिहून नेहमी जवळ ठेवा. अँटिबायोटिक संपल्यानंतर काही आठवड्यांच्या आत वारंवार पातळ जुलाब झाले, तर ते थांबवणारी गोळी घरून देऊ नका. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जंतू वृद्धांमध्ये अशा वेळी गंभीर आजार करतो.

किती दिवस औषध घ्यायचे, याविषयीही विचार बदलला आहे. गुंतागुंत नसलेल्या सेल्युलायटिसला बहुधा पाच ते सात दिवस पुरतात. जंतू मेल्यानंतरही त्वचेची लाली आणि सूज कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून ‘अजून थोडे लाल आहे’ एवढ्या कारणासाठी कोर्स लांबवत नेऊ नये. सुरुवातीला लालीच्या कडेवर पेनने रेघ आखून तारीख-वेळ लिहा. पहिल्या एक-दोन दिवसांत लाली रेघेबाहेर थोडी गेली तरी लगेच घाबरू नका. ताप, दुखणे आणि गरमपणा कमी होतो आहे का ते पाहा. दोन-तीन दिवसांनी काहीच उतार नसेल, तर त्याच दिवशी परत दाखवा. तेव्हा औषध बदलण्याआधी निदान बरोबर आहे का, आत पू साचला आहे का, पोटरीच्या खोल नीलेत गुठळी तर नाही ना, हेही डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवे.

थांबायचे नाही अशी लक्षणे वेगळी असतात. लाली तासातासाला पसरणे, दिसते त्याच्या मानाने वेदना फारच जास्त असणे, त्वचेवर फोड येणे, ती जांभळी-काळी किंवा बधिर होणे, दाबल्यावर आत करकर जाणवणे, डोळ्याभोवती सूज येणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. ७८ व्या वर्षी गंभीर संसर्गात ताप येईलच असे नाही. त्याऐवजी माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो, झोपाळू होतो, पडतो, जेवण सोडतो, श्वास भरभर घेतो किंवा लघवी कमी होते. घरच्यांना ‘आज त्या नेहमीसारख्या नाहीत’ असे वाटणे हे पुरेसे कारण आहे. आणि शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पाण्याचे फोड आले तर ती बहुधा नागीण असते. त्यावर विषाणूविरोधी औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते आणि अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

नातीबद्दल निश्चिंत राहा. सेल्युलायटिस त्वचेच्या खोल थरात असतो, तो शेजारी बसल्याने होत नाही, आणि एमआरएसए निरोगी माणसांच्या नाकातही निरुपद्रवीपणे राहू शकतो. आजीने नातीला मांडीवर घ्यावे. जखम झाकलेली असावी, ड्रेसिंगनंतर हात साबणाने धुवावेत, टॉवेल आणि नखे कापायचे साधन वेगळे ठेवावे, एवढे पुरे. नातीच्या अंगावर गळवे येऊ लागली तर मात्र तिच्या डॉक्टरांना आजीचा रिपोर्ट दाखवा.

शेवटचा मुद्दा फाइलवरच्या त्या जुन्या नोंदीचा. तिच्यामुळे सासूबाईंच्या वाट्याला पेनिसिलिनच्या कुटुंबातली, म्हणजे सेल्युलायटिसवर सर्वांत नेमकी असलेली औषधे आली नसणार आणि दर वेळी अधिक विस्तृत पल्ल्याची औषधे निवडावी लागली असणार. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना रीतसर तपासणीत ती नसल्याचे आढळते. काहींना मुळात अ‍ॅलर्जी नसतेच, आणि ज्यांना असते त्यांचीही वर्षे उलटतात तशी पुष्कळदा ओसरते. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवर आधारित २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात अशी नोंद असलेल्यांमध्ये पुढे एमआरएसए आणि क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या दोन्हींचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. त्या वेळी नेमके काय घडले होते, ते सासूबाईंना आठवत असताना लिहून घ्या: नुसते पुरळ होते की श्वास लागला होता, ओठ-चेहरा सुजला होता, तोंडात फोड येऊन कातडी सोलली होती, पुरळ किती वेळाने उठले आणि त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिनसारखे औषध घेतले आहे का. हा कागद अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवून तपासणी करता येईल का ते विचारा. घरी गोळी देऊन पाहण्याचा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत करू नका.

ही नोंद चुकीची ठरली तर एक आणखी उपाय खुला होतो. पायांची काळजी आणि दाबाचे मोजे यांनंतरही सेल्युलायटिस परत परत होत राहिला, तर पेनिसिलिनची कमी मात्रा दीर्घकाळ देता येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसातून दोनदा २५० मिलिग्रॅम, १२ महिने दिल्यावर त्या काळात आजार पुन्हा होण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले होते. औषध थांबवल्यावर हा फायदा टिकला नाही, म्हणून मी ते पहिला उपाय म्हणून सुचवत नाही. आधी बेचक्या, सूज आणि ती नोंद यांचा निकाल लावा, आणि तीन-चार महिन्यांनी काय झाले ते अवश्य कळवा.